दुधात उतरणारं

ता. ३, सोमवार

सौ. विहीणबाईंस सप्रेम नमस्कार वि. वि.

डबा उघडून मी चमचा बुडवला होता, तेवढ्यात सूनबाईने तो माझ्या हातातून काढून घेतला. तुम्ही पाठवलेली दूध वाढवायची पूड. झाकणावर हसरी गाय, मागे नुसतं ‘शुद्ध वनस्पती’. कोणत्या, ते नाही. म्हणाली, आत काय आहे ते कळल्याशिवाय पोटात घालणार नाही, मी खाते ते दुधातून छकुलीला पोचतं. रागावू नका. तुमच्या वाटचं मीच रागावून घेतलं आहे.

पण पोरीचं कौतुक करावं तेवढं थोडं. पाट्या रंगवायचं काम बाळ झाल्यापासून बंद. रंग लागलेले कपडेसुद्धा जिन्याखालच्या पेटीत. गोळ्या म्हणून ज्या होत्या त्या सगळ्या तिने बाळंतपणानंतर लगेच टाकून दिल्या. डोकं दुखलं तर ओला रुमाल बांधते. हल्ली जिना चढताना धाप लागते, पायांना मुंग्या येतात, पण तक्रार नाही. तिच्या जागी मी घर डोक्यावर घेतलं असतं.

छकुली पाच महिन्यांची झाली. मध्यंतरी हसायची, मान धरायची. आता शहाण्यासारखी पडून असते, रडणं ठाऊक नाही. हा शांतपणा आमच्या घराण्यातला नव्हे. श्रेय तुमचं.

व्याह्यांस नमस्कार. माया पाठवत राहा, पूड नको.

तुमची,
मुलाकडची विहीण


ता. ५, बुधवार

सौ. विहीणबाईंस सा. न. वि. वि.

पत्र अर्धं वाचलं, गॅस बंद केला आणि लिहायला बसले. पुडीचं सोडा. शेजारीण घेते म्हणून मी घेतली, डोकं गहाण ठेवून.

तिने गोळ्या कोणत्या टाकल्या? लग्नाआधी आमच्या ठकीच्या पोटाचं ऑपरेशन झालं ते तुम्हाला सांगितलं होतं. जठराचा तुकडा काढल्यापासून तिला बी-बारा जेवणातून अंगी लागत नाही. त्याची लाल गोळी जन्मभर घ्यायची आहे. हे मात्र सांगायचं राहिलं. तुमच्या कौतुकाने मला घाम फुटला.

आणि तो शांतपणा आमच्याकडचाही नाही. या वयात ठकीने गल्लीला झोपू दिलं नव्हतं. दोघींना आजच्या आज डॉक्टरकडे न्या.

पोस्टावर भरवसा नाही, म्हणून पत्र घेऊन आमचे हे स्वतः निघाले आहेत. दवाखान्यातून आल्यावर त्यांना चहा द्या, आधी नको. ते बोलत बसतात.

तुमच्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
विहीण


ता. ८, शनिवार

सौ. विहीणबाईंस सप्रेम नमस्कार.

व्याही दारात आले तसेच आम्ही निघालो. रक्त तपासलं. दोघींचंही बी-बारा तळाला गेलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईत नाही तर दुधात नाही, दुधात नाही तर बाळात नाही. आणखी उशीर झाला असता तर मेंदूला कायमचा धक्का बसला असता. आता सुधारेल, हळूहळू.

छकुलीला लगेच सुई दिली. सूनबाई मात्र बाही वर करेना. तिने विचारलं, माझं औषध दुधातून हिला जाईल ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जाईल, म्हणून तर देते आहे. तरी तिचं समाधान होईना. किती उतरतं, जास्त झालं तर काय, किती दिवस? बाहेर रांग खोळंबली. बाईंनी खुर्ची जवळ ओढून एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. मग तिने दंड पुढे केला. विहीणबाई, अशी चिवट मुलगी तुम्ही वाढवलीत.

पुडीचं तिचं बरोबर होतं असं बाई म्हणाल्या. आत काय ते माहीत नाही, दूध पुरेसं आहे, मग घ्यायची कशाला? पण विचारल्याशिवाय काही सुरू करायचं नाही, तसं बंदही करायचं नाही. हे ऐकताना मी चपलांकडे पाहत होते. टाळ्या मीच वाजवल्या होत्या.

वाटेत ती म्हणाली, मग इतके दिवस मी हिला पाजलं काय? पाजत राहायलाच सांगितलं आहे. पाजते, पण मीच छकुली नेऊन दिली तर, आणि तोंड भिंतीकडे करून. मी आणि व्याही आळीपाळीने विनोद करतो. दोघांचेही पडतात.

तुमच्या लेकीवर मीही हक्क सांगते.

विहीण

ता. क. रविवार. सकाळी ती एकटीच जाऊन पुढची सुई घेऊन आली, हात धुतले, छकुलीला माझ्याकडून मागून घेतलं आणि पाजलं.