दलदलीपलीकडची शितं

तीर्थरूप आत्याबाई नाईगागा यांस,

भाचीचा गुडघे टेकून नमस्कार. (खरोखर टेकले. न टेकता लिहिलं असतं तर तुला अक्षरावरूनच कळलं असतं.) तुझी कंबर कशी आहे? शेजारणीशी अबोला चालू आहे, की पुन्हा भांडायला लागलात? भांडत असाल तर तुझी प्रकृती उत्तम आहे असं मी समजते. आम्ही इकडे सगळे मजेत.

मजेत हे आपलं रीत म्हणून लिहिलं. तालुक्याच्या सभागृहात आमचं पाहणीचं शिक्षण चाललं आहे. गावातल्या थोड्याच घरांना पाण्याचे हाल विचारायचे आणि त्यावरून नवा हापसा कुठे बसवायचा ते ठरवायचं. शिकवायला कंपालाहून डॉक्टर इसाबिर्ये आलेत. (सुई टोचणारे डॉक्टर नव्हेत. नुसतेच टोचणारे.) माणूस आपल्याच बुसोगा भागातला, पण आपली भाषा अशी बोलतो, जणू तोंडात गरम रताळं धरलंय. बूट इतके चकचकीत की समोर बसणारीनं त्यात बघून केस नीट करावेत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "शितावरून भाताची परीक्षा करता ना? तेच हे शास्त्र." एवढं कळायला हा माणूस विमानानं परदेशात जाऊन आला! माझ्या शेजारी बसलेल्या मुटेसीनं विचारलं, "साहेब, वरचं शीत शिजलेलं आणि तळाचा भात करपलेला असला तर?" साहेब खूश. म्हणाले, म्हणूनच पातेल्यातल्या प्रत्येक शिताला हाती लागायची सारखी संधी हवी. सोयीचं घर निवडायचं नाही, ओळखीचं तर नाहीच. चिठ्ठीत निघालेलं घर बंद असलं तर शेजारच्या घरात शिरायचं नाही, पुन्हा खेटा घालायचा. खोटं कशाला बोलू, मला पटलं. शास्त्र चांगलं आहे गं, शास्त्रवाल्यांचं मात्र काही खरं नाही.

कारण मग घरांची यादी घेऊन आले गावचे चेअरमन कीरुंडा. (हो, तेच. तू ज्यांची लग्नाची मागणी परत पाठवलीस, ते. आता केसांना काळं लावतात आणि ते घामाबरोबर कपाळावर उतरतं.) यादीत त्यांचे सगळे भाऊ होते, त्यातला एक तर दोनदा. दलदलीपलीकडची तुमची वस्ती मात्र साफ गायब! मी उभी राहिले.

"चेअरमन, पलीकडची घरं कुठायत?"

"ती कसली घरं? झोपड्या आहेत. आणि ती माणसं कुणाचं ऐकत नाहीत."

"त्यांना ऐकवायचं नाहीये, विचारायचंय."

मी साहेबांकडे पाहिलं, तर साहेब स्वतःच्या बुटांकडे पाहत होते. "आता व्यवहाराच्या दृष्टीनं बघितलं तर..." अशी सुरुवात झाली. सकाळी एकेका शिताची बाजू घेणाऱ्या माणसाला दुपारी चिखल दिसताच अर्धं पातेलंच नकोसं झालं! माझं डोकं फिरलं. म्हटलं, "साहेब, ज्यांना पाणी नाही त्यांनाच वगळून पाण्याची पाहणी करायची, म्हणजे जेवून उठलेल्यांना भूक लागली का विचारण्यासारखं आहे." मुटेसीनं टाळी वाजवली, मग साऱ्या सभागृहानं. साहेबांचा इलाज खुंटला. तुमची घरं यादीत आली.

चिठ्ठ्या टाकल्या चेअरमनच्याच टोपीत. एकामागून एक नावं निघाली आणि त्यांच्या एकाही भावाचं नाव निघेना. चेअरमन तडकले. "माझी टोपी, आणि माझ्याच घरचं कुणी नाही?" टोपी परत मागायला लागले. (असल्या माणसाला तू नाही म्हणालीस, देव तुझं भलं करो.) तेवढ्यात मुटेसीनं पुढची चिठ्ठी उघडून वाचली, "नाईगागा, दलदलीपलीकडे." चेअरमनचं तोंड असं झालं, जणू हगरी बकरी त्यांच्या चटईवर बसली. नात्यातल्यानं जायचं नाही हा नियम, म्हणजे मी बाद. मुटेसीच्या चपला नव्या. बाकीच्यांना एकदम ताप चढला, एकाला तर आयत्या वेळी मेहुणीचं लग्न आठवलं. शेवटी नियम शिकवणाराच उरला. येत्या शुक्रवारी साहेब स्वतः, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, तुझ्याकडे येत आहेत.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, आणि शेजारणीला काहीच सांगू नकोस.

तुझी,
नांगोबी

ता. क. : खरं काम आता सांगते. साहेब विचारतील, पाणी पुरतं का. तुझी खोड मला ठाऊक आहे. पाहुण्यासमोर तू ताठ बसून म्हणणार, "आमच्याकडे कशाची कमी नाही." माझ्या लग्नात घरातली शेवटची घागर तू व्याह्यांचे पाय धुवायला ओतलीस आणि आपण दिवसभर कोरड्या तोंडानं हसत बसलो. आत्या, या वेळी तेवढी अब्रू बाजूला ठेव. पाणी कुठून आणतेस, किती वेळ लागतो, गेल्या पावसाळ्यात वस्तीतली किती पोरं आजारी पडली, सगळं सांग. आणि ते गढूळ पाणी ग्लासात ओतून त्यांच्यापुढे ठेव. पिऊ देऊ नकोस, नुसतं बघू दे.

ता. ता. क. : ज्याला विचारायचं त्याला आधीच पढवून ठेवणं, हे या शास्त्रातलं सगळ्यात मोठं पाप. साहेबांनी काल सकाळभर तेच सांगितलं आणि सगळ्यांत जोरात मान मी डोलावली. तेव्हा हे पत्र चुलीत घाल. भाचीनं काही कळवलं का, असं विचारलंच, तर नेहमी गावभर सांगतेस तेच सांग : "ती मेली मला कधी चार ओळी लिहील तर शपथ!"