कपाटात कोंडलेला साखरेचा गजर परत मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : साखरेचा गजर कार्यालयाच्या कपाटातून काढून अर्जदाराच्या खिशात ठेवू देणेबाबत.

संदर्भ : तपासणी कक्षात आवाज न करण्याविषयीचे आपले ज्ञापन.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्याकडे कानाची तपासणी करणारी तंत्रज्ञ आहे. रुग्णाला काचेच्या खोलीत बसवून बारीक आवाज ऐकवायचे आणि ऐकू आला की त्याने बटण दाबायचे, असे हे काम. अर्जदारास लहानपणापासून मधुमेह आहे. कमरेला इन्सुलिनचा पंप, दंडावर साखर मोजणारा सेन्सर आणि खिशात त्याची डबी असते. साखर फार उतरली की डबी वाजते आणि अर्जदार गोड खाते. पूर्वी हातपाय थरथरून आपोआप समजत असे. इतक्या वर्षांनी शरीराने कळवणे सोडून दिले आहे. आता कळवणारी ती डबीच.

२. मध्यंतरी एक गृहस्थ बहिरेपणाचा दाखला मागण्यास आले. एकाही आवाजाला त्यांनी बटण दाबले नाही, चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. काचेच्या खोलीचे दार नीट लागत नाही, हे आपणास वेळोवेळी कळवले आहेच. तेवढ्यात डबी वाजली आणि गृहस्थ मान वळवून म्हणाले, "बाई, तुमचं काहीतरी वाजतंय." अर्जदाराने साखर तोंडात टाकली व दाखला नाकारला. त्यावर, तपासणीच्या वेळी आवाजाचा अतोनात त्रास होतो, अशी लेखी तक्रार त्यांनी केली. बहिऱ्या माणसाला आवाजाचा त्रास होतो कसा, हे कोणीही विचारले नाही व तक्रार दाखल झाली.

३. त्यावरून निघालेल्या ज्ञापनानुसार डबी शेजारच्या कार्यालयातील कपाटात जमा करण्यात आली. ती वाजल्यास हेडक्लार्कने नोंद घ्यावी व अर्जदारास शिपायामार्फत लेखी कळवावे, असे ठरले. गजर शक्यतो जेवणाच्या सुट्टीत व्हावा, एरवी आदल्या दिवशी पूर्वकल्पना द्यावी, असेही त्यात नमूद आहे. अर्जदाराने आदेशाचा मान राखून साखरेला समजावून पाहिले. परंतु ती आपल्या आस्थापनेवर नसल्याने तिच्यावर शिस्तीची कारवाई करता येत नाही.

४. परवा एका आजींची तपासणी चालू असताना भिंतीपलीकडे डबी वाजू लागली. आतल्या रुग्णाचे बोलणे ऐकण्यासाठी अर्जदाराच्या कानांवर हेडफोन होता. कार्यालयात चौघे हजर होते. चावी आपल्याकडे आणि आपण बैठकीत, म्हणून हेडक्लार्कनी, "वाजून वाजून गप्प बसेल," असा निर्वाळा दिला. आवाज कमी यावा म्हणून एका लिपिकाने कपाटाला फायलींचे गठ्ठे लावले. शिपाई हे सर्व अर्जदारास लेखी कळवण्यासाठी कोरा कागद शोधत होता. इकडे साखर उतरून भान सुटलेली अर्जदार आजींना पुन्हा पुन्हा "आई, घरी चला" म्हणू लागली व खुर्चीवरून घसरली.

५. आजी काचेबाहेर धावत आल्या. त्यांच्या यजमानांना हाच आजार होता, त्यामुळे त्यांना काही सांगावे लागले नाही. त्यांनी पिशवीतून गोड सरबत काढून अर्जदारास घोट घोट पाजले आणि डोके मांडीवर घेऊन बसल्या. अर्जदार जिवंत आहे ती त्यांच्यामुळे. शिपायाचा कागद त्यानंतर मिळाला. त्यावर जावक क्रमांक व्यवस्थित आहे.

६. आता कार्यालयाने आजींचे मोफत श्रवणयंत्र रोखले आहे. गजर ऐकून त्या धावल्या, अर्थात त्यांना चांगले ऐकू येते, असा शेरा मारला आहे. सविनय निवेदन की, आजींना गजर ऐकू आला नाही. त्यांनी काचेतून अर्जदारास पडताना पाहिले. त्यांचे यंत्र कृपया त्वरित द्यावे.

७. डबीही परत मिळावी. सुट्टीवर जाण्याची मुभा अर्जदाराच्या साखरेस नाही, त्यामुळे निर्णय आपल्या पुढील बैठकीपूर्वी व्हावा, ही विनंती.

शुद्धीवर असेपर्यंत आपली नम्र,

(सही)
तंत्रज्ञ, श्रवण तपासणी कक्ष
दिनांक : आजचाच

सोबत जोडले :
(अ) आजींचा तपासणी अहवाल : दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.
(आ) हेडक्लार्क, दोन लिपिक व शिपाई यांचे वार्षिक तपासणी अहवाल, अर्जदाराने स्वतः केलेले : चौघांचेही कान उत्तम.