तव्याखालचं रबर

बाबा, दिवाळीच्या सफाईत माळ्यावरून तुमची मशीन काढली. तीच, तवे वाजवायची. तुमी रेकॉर्डले तवाच म्हणत होते, अन् आई म्हणे, "माह्या तव्यावर पोळी तरी होते." सूनबाईनं धूळ पुसून बटण दाबलं तर फिरायले लागली, जशी कालच ठेवली होती. तवा एकच धड निघाला, तुमचा शहनाईवाला. मले तो एकदा पुरा ऐकायचा होता, बस. सुई ठेवली तर खर्रर्र करत दोन बोटं पुढं घसरली. मी म्हटलं, खालच्या आटाचक्कीचं काम आहे हे. तुमच्या वेळचीच चक्की, चालू झाली का अजूनही आपल्या मांडणीतली भांडी वाजतात.

सूनबाई मोबाईलवर पाहून सांगे, याच्यासाठी खास टेबल मिळते. मी म्हटलं, चूल्हे में डालो तुमचा टेबल. माह्या बापानं हे काम फुकटात केलं आहे.

मी लहान होती तवाचं अजून दिसते, तुमी ड्यूटीवरून येता. रेल्वेच्या गँगमध्ये, दिवसभर पटरी ठोकून. पिशवीतून काळं चपटं रबर काढता, रूळ अन् स्लीपरच्या मधात असते ते, झिजून फेकलेलं. चाकू गरम करून त्याचे चार तुकडे करता, मशीनच्या चार पायांखाली एकेक. मी मधातून धावत जाते तर डोळे वटारता. "पोट्टी, पाय हळू! एवढी मोठी गाडी जाते तरी स्लीपर फुटत नाही, काहून? मधात नरम आहे म्हणून. धडधड कोणाच्यानं थांबत नाही, तिले मधातच मुरवा लागते."

तुमचं रबर आता गोटा झालं आहे, नख रुतत नाही. मी स्कूटरची जुनी ट्यूब कापली, चार-चार घड्या करून लावल्या. खाली फरशीचा उरलेला तुकडा ठेवला, वजन पाहिजे म्हणून. सूनबाई म्हणे, "मम्मीजी, स्पीकर भी तो उसी टेबल पे है, वो नहीं हिलाएगा क्या?" अक्कल आहे पोरीले. स्पीकर खिडकीत नेला. मग मशीनच्या बाजूले वाटीभर पाणी ठेवून पाहिलं. खाली चक्की चालू, अन् वाटीत एक लहर नाही. मी खुश. सुई ठेवली. खर्रर्र. पुन्हा ठेवली. खर्रर्र.

 सूनबाईनं हळूच माह्या हातातून सुईची दांडी घेतली अन् म्हणे, "रहने दो मम्मीजी, सुई टूट जाएगी." तिनं ठेवली. वाजला बाबा, पुरा वाजला, एकदाही नाही अडकला. मी हात पदरात घेऊन बसली होती. काय वाजलं, काही ध्यानात नाही.

डॉक्टरनं गोळी दिली आहे. म्हणे, थरथर हळूहळू वाढन. आता हाताखाली कोणतं रबर लावू, सांगा.

सूनबाईचं ते सुईचं बोलणं तर माहंच होतं. म्हातारपणी तुमचा हात कापायले लागला, दिवसभर ती खर्रर्र, अन् मी स्वयंपाकघरातून वरडली होती, "राहू द्या ना बाबा, सुई मोडसान!" सूनबाई तरी नरम बोलली. दुसऱ्या दिवशी "मोटर जळली" म्हणून मी तुमची मशीन माळ्यावर टाकली. मग तुमी बाजेवर बसून रोज विचारत, "मिस्त्री आला का?" मी म्हणे, "येईन उद्या." तुमी मान हलवत. शेवटच्या आठवड्यातही विचारलं.

अक्षर वाकडं आलं आहे, वाचून घ्या. कागद तव्याच्या पाकिटात घालून ठेवते.

मोटर जळली नव्हती, बाबा. मिस्त्रीले मी कधी बोलावलंच नव्हतं.