बैठकीआधी खड्डे बुजवणे

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून डायरी. खताच्या कंपनीने दिलेली आहे. जानेवारीची पानं कोरी गेली, पण जानेवारीत माझ्या हातून लिहिण्यासारखं काही झालंही नाही. संक्रांतीला शेजारच्या जळबाशी किरकोळ झालं, तेवढंच. तिळगूळ देताना 'गोड बोला' म्हणाला, पण म्हणायची पद्धत टोमण्याची होती. मी स्टीलचा डबा त्याच्या दिशेने फेकला. त्याच्यावर नाही. टीव्ही मध्ये आला.

दुसऱ्या दिवशी बायको प्रियंका लेकीला, ओवीला, घेऊन माहेरी गेली, कुरुंद्याला. चार दिवसांसाठी म्हणाली होती. तिचे चार दिवस अजून झालेले दिसत नाहीत.

आज तिने फोन उचलला. कधी येतेस विचारलं. म्हणाली, तुमच्या तोंडाकडं बघायचं भेव वाटतं, लेकराला बी वाटतं, आमी न्हाई येत. मी शांतपणे फोन ठेवला. फोन फुटला. स्क्रीनगार्ड तसंही आधीच गेलेलं होतं.

४ फेब्रुवारी, सकाळी

आरशात नीट पाहिलं. कारण सापडलं.

डोळ्यांखाली खड्डे. दोन्हीकडे. वरून बल्बचा उजेड पडला की तिथे काळी सावली पडते आणि माणूस आत्ता कोणाचा तरी जीव घेईल असा दिसतो. स्वभाव मुळात गरीब गाय, आणि चेहरा हा असा. इतकी वर्षं लोक मला उगाच घाबरत होते. प्रियंकाचीही चूक नाही. तिला बिचारीला मी दिसलोच नाही, खड्डे दिसले.

फार वाईट वाटलं. आरसा फुटला. आईने हाताला फडकं बांधलं आणि म्हणाली, काहून रे बाबा, आरशानं काय केलं तुझं?

५ फेब्रुवारी

वसमतला हैदरच्या सलूनमध्ये गेलो. हैदर शाळेपासूनचा दोस्त. मला अरे-तुरे करणारा सध्या एवढाच उरला आहे. त्याने बोटाने खड्डे दाबून पाहिले. म्हणाला, भाई, क्रीमनं जात न्हाई हे, फिलर लागतो, सुईनं भरतात, नांदेडला डॉक्टरबाई आहेत. चांगला माणूस. मग उगाच पुढे म्हणाला, त्याच्याआधी गुस्सा कमी कर.

मी म्हटलं मला गुस्सा येतच नाही. खुर्चीची डोकं टेकायची गादी माझ्या हातात आली. जुनी खुर्ची होती.

९ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर मोबाईलवर अभ्यास. (नवा मोबाईल.) फिलरचे प्रकार बरेच. पातळ जेल, घट्ट जेल, विरघळणारं, कायमचं. विरघळणारं ऐकूनच विश्वास उडाला. जो माल विरघळतो तो कसला माल. आपल्याला पक्कं पाहिजे. एकदा भरलं की जन्मभर गरीब गाय.

एका व्हिडिओखाली लुधियानाच्या माणसाने लिहिलं होतं की पुरुषांनी असली थेरं करू नयेत. त्याला हातपाय मोडण्याची हमी दिली. त्याने लगेच पत्ता पाठवला. लांब आहे.

संकल्प: सोमवारपासून कोणाच्या अंगावर जायचं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

मंगळवारपासून.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नांदेड. डॉ. शबनम. बाई वयाने लहान, पण माझ्याकडे न घाबरता पाहिलं. दिव्याखाली बसवलं, मान वर करायला लावली, कातडी चिमटीत धरली. म्हणाल्या, खड्डा खरा आहे, भरता येईल, पण झोप किती घेता? म्हटलं, हळदीचा सीझन आहे, माझा हळद शिजवायचा मोठा कुकर आहे, शेताशेतावर न्यावा लागतो, झोप कसली.

मी पक्का आणि घट्ट माल मागितला. त्या म्हणाल्या, घट्ट जेल हनुवटीला, गालाच्या हाडाला. डोळ्याखाली कातडी पातळ, तिथे गाठी दिसतील. तिथे मऊ, कमी पाणी धरणारं जेल, तेही थोडं. आणि विरघळणारंच, म्हणजे बिघडलं तर दुसरी सुई देऊन काढता येतं. कायमचं मी डोळ्याखाली घालतच नाही.

आम्ही हळद घेताना कांडी मोडून आतला रंग बघतो. न मोडता माल घेणारा गिऱ्हाईक मूर्ख. म्हणून मी म्हटलं, दोन्ही जेल तळहातावर काढून दाखवा. त्या म्हणाल्या, असं नसतं. टेबलावर एक सीलबंद खोकं होतं, ते मी नुसतं दाबून पाहिलं. आतून कट्ट आवाज आला.

काउंटरवरचा पोरगा ते बिलात लावतो म्हणाला. त्याची कॉलर मी फक्त सरळ केली. बाहेर बसलेल्या एका बाईचा नवरा मध्ये पडला, त्याचीही केली. त्याचं बटण माझ्या खिशात आलं आहे. उद्या परत पाठवायचं बघू.

बाईंनी तरीही तारीख दिली. एक अट घातली, येताना एकटं यायचं नाही. तब्येतीच्या काळजीने म्हणाल्या असतील.

२० फेब्रुवारी

सासऱ्यांचा निरोप. नऊ मार्चला, रविवारी, कुरुंद्यात बैठक. त्यांच्याकडचे दोघं, आमच्याकडचे दोघं, आणि मधे नेमसिंग गुरुजी. नांदायला पाठवायचं की नाही, त्या दिवशी ठरणार. पाठवायचं नाही ठरलं तर जूनपासून ओवीचं नाव कुरुंद्याच्या शाळेत घालणार म्हणे.

ओवीचं नाव कुरुंद्यात. ओवी पाच वर्षांची आहे. मी कुकर घेऊन आलो की माझ्या अंगाचा वास घेते आणि पप्पा पिवळे झाले म्हणते. म्हणायची.

निरोप घेऊन मेहुणा मुन्ना आला होता. जाताना हसला. त्याच्या मोटारसायकलला लाथ मारली. अंगठा सुजला. मोटारसायकलला काही झालं नाही.

ठरलं. बैठकीत चार माणसं आधी तोंड बघतात, मग बोलणं ऐकतात. तोंड तयार पाहिजे. घट्ट-पातळ वाद सोडला. बाई म्हणतील ते जेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

झालं! हैदर सोबत आला. आधी बधिर करायचं मलम, मग बोथट टोकाची नळी, आत सरकताना करकर जाणवते. मी हूं की चूं केलं नाही. हैदरची मनगटं धरली होती, तो ओरडला.

आरशात बघितलं. थोडी सूज, पण खड्डे गेले. दोन डोळ्यांतून एक भला माणूस बघत होता. मला रडू आलं. बाई म्हणाल्या, रडा, पण चोळू नका. सूचना: हात लावायचा नाही, दाबायचं नाही, शेकायचं नाही, वाफ घ्यायची नाही, दारू नाही, मारामारी नाही. शेवटची सूचना छापील कागदावर नव्हती, त्यांनी पेनने लिहिली.

सोपं आहे सगळं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

डोंगरकडा गावच्या शिवारात कुकर लावलेला. मी जाणार नव्हतो. गड्याचा फोन आला की शेतकरी तातेराव म्हणतो, हळद कच्ची राहिली, पैसे देत न्हाई. कच्ची! माझी शिजवणी! गेलो.

कुकरचं झाकण मीच उघडलं, कांडीत काडी टोचून दाखवायला. सगळी वाफ तोंडावर आली. काडी आरपार गेली, म्हणजे हळद बराबर शिजलेली. तातेराव तरीही कच्चीच म्हणत राहिला. मग त्याला गरम ढिगावर थोडा वेळ बसवला. लगेच पटलं त्याला.

परत येताना उजवा डोळा जड वाटून राहिला होता.

१ मार्च, सकाळी

उजवा डोळा उघडत नाही.

आईने पाहिलं, तोंडावर पदर धरला. म्हणाली, हळदीच्या गावात राहून लेकरू असं सुजवून बसतं व्हय? हळद-चुना गरम करून लेप दिला आणि तव्यावर फडकं तापवून शेकलं. चांगलं दाबून दाबून, माझ्या लहानपणी मुरगळलेला पाय दाबायची तसं. मला सूचना आठवत होत्या. पण आपल्याच घरची हळद, आपलीच आई. इथे डॉक्टरबाईंना काय कळणार.

दुपारी

लेप काढला. सूज होती तेवढीच, आता पिवळी. जेल गालाकडे सरकल्यासारखं वाटतंय. वाटी भिंतीवर मारली. आईला लागली नाही. आई जवळ उभी होती एवढंच.

४ मार्च

बाईंनी बघितलं. गालावरचा पिवळा डाग कापसाने पुसून पाहिला. मग विचारलं, शेक कोणी दिला? मी म्हटलं, आपोआप झालं. त्या म्हणाल्या, जेल जागेवरच आहे, सरकलेलं नाही, सूज आणि भाजल्याचं आहे, उतरेल, दोन आठवडे तरी लागतील. म्हटलं, रविवारी बैठक आहे. म्हणाल्या, मग गॉगल घाला.

बैठकीत गॉगल! चार वडीलधारी माणसं समोर! पण चिडलो नाही. दाराबाहेर येऊन कुंडी उचलली आणि परत ठेवली. जवळपास तिथेच ठेवली.

८ मार्च

तयारी पूर्ण. पांढरा शर्ट, गॉगल. हसण्याची प्रॅक्टिस केली. उद्याचा प्लॅन: बोलायचं नाही, उठायचं नाही, मुन्नाकडे बघायचं नाही. ओवीसाठी चॉकलेट डाव्या खिशात.

उद्या संध्याकाळी तिघं घरी.

९ मार्च, रविवार, संध्याकाळी

कुरुंद्याहून आलो.

सुरुवात उत्तम झाली. सतरंजीवर बसलो, आई बाजूला. सासरे संतराम बोलत होते, टीव्ही, जळबा, तातेराव, सगळं त्यांना कोणीतरी पुरवलेलं. मी मान खाली. मुन्ना म्हणाला, दाजी, चष्मा काहून? हसलाही. मी दोन्ही हात मांडीखाली घातले. नेमसिंग गुरुजी म्हणाले, बघा, भीमराज बदललाय, एवढं ऐकून घेतलं पोरानं. सासरेही जरा नरमले. प्रियंका दारात उभी होती, तिचा चेहरा सैल झाला होता, मी पाहिलं. ती म्हणाली, ओवीला आणते.

जिंकलो होतो.

ओवी आली. वाढली आहे. माझ्याकडे येत होती, स्वतःहून, हसत. मला वाटलं आता हिला गॉगल काढून दाखवावं, पप्पाचे खड्डे गेले. मी गॉगल काढायला हात वर केला.

ओवी जागच्या जागी खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं कानांशी. रडली नाही, ओरडली नाही. एवढं पटकन केलं की सवय असल्याशिवाय जमत नाही.

तिला मी कधी बोट लावलेलं नाही. लावलं असेल तर आठवत नाही इतकं हळू लावलं असेल.

माझा हात वरच राहिला. खाली घ्यावा तर तो हलल्यावर ती अजून घाबरली असती. शेवटी गुरुजींनी उठून माझं मनगट धरलं आणि हात हळूच मांडीवर आणून ठेवला. म्हणाले, शाळेत नाव घाला पोरीचं.

मी आईकडे पाहिलं. म्हटलं, तू तरी सांग यांना. आई उठली. प्रियंकाजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, सून न्हाई तिथं मी तरी काहून येऊ? मी बी इथंच ऱ्हाते.

मी कोणालाही मारलं नाही. हे नोंदवून ठेवतो. येताना चॉकलेट खिशात विरघळलं.

१६ मार्च, रविवार

सूज पूर्ण उतरली. भाजलेलं कातडं गेलं. खड्ड्यांचा मागमूस नाही. बाईंनी निवड बरोबर केली होती, मऊ जेल, थोडंच, गाठ नाही, काही नाही. फोटो पाठवला तर त्याही म्हणाल्या, रिझल्ट फार सुंदर आहे. खरंच आहे. मला ओळखत नसलेल्या कोणीही बघितलं तर म्हणेल, काय शांत माणूस आहे.

चहा ठेवला. आई असताना ती ठेवायची. दूध उतू गेलं, गॅस विझला.

पातेलं उचलून भिंतीवर हाणलं. मोठा आवाज झाला. कोणी दचकलं नाही.