करडईच्या तेलात चार थेंब

अप्पा, गेल्या महिन्यात सुनेनं पाच-सहा छोट्या तपकिरी बाटल्या आणल्या आणि म्हणाली, "आई, इसेन्शियल ऑइल आहेत." मी मनात म्हटलं, हिला कुणी गंडवलं आता? निलगिरी, लवंग, गवती चहा, दालचिनी, म्हणजे भवानी पेठेत तुमच्या काष्ठौषधीच्या दुकानात होती तीच की तेलं, पाल्याची नाहीतर सालीची वाफ धरून काढलेली. ती पाण्याच्या यंत्रात थेंब टाकते, घरभर वास सुटतो आणि तिचं डोकं म्हणे शांत होतं. माझं काही होईना. कोऱ्या कागदावर थेंब टाकायचा, अस्सल असेल तर उडून जातो, भेसळ असेल तर तेलकट डाग राहतो, हे तुम्हीच शिकवलेलं. सून ऑफिसला गेल्यावर मी सगळ्या बाटल्या पारखल्या. एकही डाग राहिला नाही. तरी दुसऱ्या दिवशी परत बघितलं.

हा संशय माझ्या अंगात कधी शिरला, सांगू? मी नववीत आहे, शाळा सुटल्यावर दुकानात येते. मंद्रूपची एक म्हातारी गुडघ्याला लावायला दालचिनीचं तेल मागते. "अस्सल हाय न्हवं?" तुम्ही म्हणता, "व्हय की, आजी," आणि रिकामी बाटली घेऊन आत जाता. मी पडद्याआडून बघते. तुम्ही ती करडईच्या तेलानं भरता आणि वर दालचिनीचे मोजून चार थेंब टाकता. त्या संध्याकाळी तुम्ही इष्टलिंग हातात घेऊन पूजेला बसलात आणि मला तुमच्याकडं बघवेना. पुढं तुमचा कुठलाच शब्द मी सरळ घेतला नाही. सासरी येताना तुम्ही बांधून दिलेली तेलं मी मोरीत ओतली.

पंधरा दिवसांपूर्वी नातीचा पाय मुरगळला. घरात मी एकटीच. तेल अस्सल आहे, मीच पारखलंय, मग भीती कसली? दालचिनीचं तेल नुसतंच तिच्या घोट्यावर चोळलं. पोर लई रडली. कातडी लाल झाली, मग फोड आले. डॉक्टर म्हणाले, "आजी, हे असं लावत नाहीत. साध्या तेलात थेंब-दोन थेंब घालायचे असतात." सुनेनं बाटल्या तेवढ्या वरच्या फळीवर ठेवल्या. ते जास्त लागलं. पोरीचा पाय आता बरा आहे. पण अप्पा, मिसळून देतोय असं त्या म्हातारीला तुम्ही का सांगितलं नाही? पातळ आहे म्हणून तिनं घेतलं नसतं, कबूल. मला तरी सांगायचं होतं. मीही कधी विचारलं नाही म्हणा.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र पाठवायचं कुठं, कपाटात राहील. त्या नववीच्या वर्षीच एकदा जेवताना तुम्ही विचारलंत, हल्ली दुकानात का येत नाहीस? मी म्हटलं, अभ्यास लई असतो. तुम्ही खूश झालात आणि आईला माझ्या भाकरीवर अजून तूप वाढायला सांगितलंत. अभ्यास नव्हता, अप्पा. मला तुमची लाज वाटत होती.