तुझ्या खात्यावरचा माझा टीव्ही

प्रिय चिमी,

तू दिलेली ती टीव्हीमागची डबी तापते. इतकी, की सोमवारी हात लावला तर तव्याचा बसावा तसा चटका बसला. दोन वर्षांनी मी तुला लिहितेय ती फक्त ही तक्रार करायला. दुसरा अर्थ काढू नकोस. डबी तू आणलीस, तिच्यातलं खातं तुझ्या नावाचं, मग मी कुणाकडे जायचं? कंपनीला फोन लावून पाहिला. तिकडच्या मुलीने मला सात वेळा 'मॅम' म्हटलं आणि उपकरण थंड जागी ठेवा असा सल्ला दिला. मे महिन्यात अंबरनाथमध्ये थंड जागा कुठली, ते मी तिला शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेसने शिकवलेल्या स्वच्छ इंग्रजीत विचारलं. तिने फोन ठेवला.

तू ती आईसाठी आणली होतीस, इंटरनेटवरची कीर्तनं ऐकायला. आता आई नाही, दुपारी घरात मी आणि ती डबीच. पाच-दहा मिनिटं रिमोटला हात लावला नाही की पडद्यावर आपोआप चित्रं यायला लागतात. कुठलंसं तळं, त्यात उलटं पडलेलं देवदारांचं रान, मग सावकाश सरकत जाणारं धुकं. मी आरामखुर्चीत पडून बघत राहते. खाली रिक्षावाले चिखलोली, चिखलोली ओरडत असतात, आणि वाटतं ती रिक्षा त्या तळ्याकाठी जात असेल. डोळा लागतो. जागी होते तेव्हा धुकं तिथेच असतं. सोमवारी मात्र धुक्याऐवजी नुसती एक पाटी होती. उपकरण फार गरम झालंय, बंद करा. मग पडदा काळा.

मी काय दिवसभर टीव्ही बघते, असं तुला वाटेल. नाही बघत. चालू ठेवते. आता लिहायलाच बसले आहे तर सांगते. तुझ्या खात्यावर तू काय बघतेस ते इथे मला दिसतं. अर्धवट सोडलेल्या मालिकेच्या चित्राखाली लाल रेघ असते, तू कुठवर आलीस ते दाखवणारी. सकाळी चहा घेताना मी आधी ती रेघ बघते, मग पेपर. रेघ सरकलेली असली की उल्हासनगरात, कॅम्प चारमध्ये, तू जेवण आटोपून पाय वर घेऊन बसली होतीस हे कळतं. त्या कोरियन मालिकेत तुला काय दिसतं ते देव जाणे. सगळे पावसात छत्री विसरतात. पण मीही बघते, तुझ्यामागून, आणि तुझी खूण बिघडू नये म्हणून रेघ नीट मागे आणून ठेवते. मार्चमध्ये सहा दिवस रेघ हलली नाही. मी बाजारातही गेले नाही. सातव्या दिवशी तू पुरणाच्या करंज्यांचा एक कार्यक्रम अर्धा बघितलास, तेव्हा कुठे मी जेवले. तेव्हापासून ती डबी मी बंदच केलेली नाही.

दुरुस्तीला तुमच्याच कॅम्पातला कमलेश आला. सिंधी, पन्नाशीचा, सतत बोलणारा. टीव्ही पुढे ओढून त्याने मागे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आंटी, इसको स्वेटर किसने पहनाया?" मी विणलेलं क्रोशाचं कव्हर होतं ते. धूळ बसू नये म्हणून, खास मापाचं, बटण लावलेलं. आपल्या घरी मिक्सरला कव्हर, फोनला कव्हर, रिमोटला प्लास्टिक, मग त्या डबीनेच काय पाप केलं होतं? त्यात ती भिंत आणि केबलच्या तापलेल्या डब्याच्या मधे कोंबलेली. त्याने कव्हर काढलं, एक वीतभर वायर जोडून डबी मोकळ्या हवेत लोंबती ठेवली आणि तिची वीज टीव्हीतून न घेता भिंतीवरच्या प्लगमधून घेतली. अर्ध्या तासात ती गार झाली. "दिन में कितना टाइम चालू रहता है?" त्याने विचारलं. मी सांगितलं, रात्रंदिवस. मग म्हणाला, "किसी का इंतजार है क्या?" आगाऊ मेला. जाताना सांगून गेला, पुन्हा तापली तर सगळं पुसून नव्याने सुरू करा, पण मग खात्याचा पासवर्ड लागेल.

पासवर्ड तुझ्याकडे. आणि तुझं शेवटचं वाक्य माझ्याकडे. माझ्या तेजस्वीच्या साखरपुड्याच्या अल्बममध्ये मी हसत पेढा भरवतेय, ताई, आणि त्या वेळी माझी आई मेलेली आहे. असं म्हणून तू दार लावून घेतलंस.

त्या दिवशी आई सकाळी अकराला गेली. कर्जतचे, मुलाकडचे पाहुणे तुझ्याकडे येऊन बसलेले. तुला कळवलं असतं तर सुतक, आणि ताटावरून उठून गेली असती माणसं. पोरीच्या नावाला ते चिकटलं असतं. म्हणून मी चारपर्यंत थांबले. शेजारच्या सुंदराबाईंना तोंडात पदर धरायला लावला. पंखा मोठा केला आणि आईजवळ बसले. मला वाटलं मी तुझ्यावरचं संकट अडवतेय. आईजवळचे ते पाच तास तुझेही होते, हे मला तेव्हा सुचलं नाही. नंतर सुचलं, पण तोवर तू दार लावलं होतंस आणि मला कुणापुढे नमायची सवय नाही, हे तुला ठाऊक आहे.

डबी त्यानंतर तापली नाही, चिमी. उत्तम चालत होती. तरी काल दुपारी मी स्वतःच सेटिंगमध्ये जाऊन सगळं पुसून टाकलं. ती दोनदा विचारते, नक्की का म्हणून. दोन्ही वेळा हो म्हटलं. तुझ्या घरात असं चोरून डोकावत मी आणखी दहा वर्षं काढली असती आणि तुला एक शब्द लिहिला नसता. आज सकाळी चहा घेताना बघायला काही नव्हतं. तू बरी आहेस की नाही, हे आता मला तुलाच विचारायला हवं. विचारतेय. माझं चुकलं. पासवर्ड पाठवू नकोस. तू ये, किंवा मला ये म्हण.

तुझीच, हट्टी आणि आज जरा घाबरलेली,
संजीवनीताई