पाठकोऱ्या कागदावरचा युरोप

झिरकपूर,
८ ऑक्टोबर २०२४

प्रिय लता,

सप्रेम नमस्कार. लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यावर बायकोला कोणता मायना लिहितात ते आठवेना, म्हणून नमस्कारावर भागवतो. अजून रागात असशील तर परत पाठव.

मी इथे ठणठणीत आहे. ऋजुताही मजेत. तिचं ऑफिस मोहालीला, पण रस्त्यावर एवढी गर्दी की निम्मं काम ती गाडीतच उरकते. जावई महिनाभर बंगळूरला गेलेत, त्यामुळे दिवसभर घरात मी आणि शाळेतून आली की ओजस्विनी. तिला आपलं मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत.

मी फोन का करत नाही असं तू ऋजुताला विचारलंस म्हणे. माझ्या फोनचा आवाज बिघडला आहे. शिवाय फोनवर आपलं लगेच वाजतं. पत्रात निदान मधेच तोडता येत नाही.

आता खरी बातमी. ओजूच्या फ्रेंचच्या बाईंनी प्रकल्प दिला होता: एक शब्द घ्या आणि तो युरोपात कुठे कुठे फिरला ते नकाशावर दाखवा. इतर मुलांनी चॉकलेट, बटाटा असलं काही घेतलं. आपल्या नातीने ताप घेतला. घरात कुणाला तरी जरा कणकण होती, थर्मामीटर समोर पडला होता, म्हणून तिला सुचलं असावं. मग मी तिला आपल्या इस्पितळातल्या म्हाताऱ्या डॉक्टरसाहेबांची गोष्ट सांगितली. ते केसपेपरवर ताप असं कधी लिहायचे नाहीत, 'फेब्रिस' लिहायचे. औषधखान्याच्या खिडकीत मी तीस वर्षं तो शब्द वाचला, पण तो कुठला, हे कधी विचारलं नाही. बघ, नोकरी झाली आणि शिक्षण आत्ता सुरू झालं.

फेब्रिस लॅटिन. रोमन लोकांनी या नावाची देवीच केली होती, तिची देवळं बांधली होती. आपल्या मरीआईसारखीच, कोपू नको म्हणून पुजायची. पुढे त्यांची फौज गेली तिथे शब्दही गेला. इथे खालच्या मजल्यावर एअरफोर्समधलं सोलापूरचं कुटुंब आहे. बदली झाली की काळ्या ट्रंकांवर नाव रंगवून निघतात, तसाच हा निघाला. इटलीत फेब्रे झाला, स्पेनमध्ये फिएब्रे, फ्रान्सात फिएव्र. जर्मनांनी त्याला फीबर म्हटलं, स्वीडनवाल्यांनी फेबर. इंग्रजांचा फीवर तर आपण रोज वापरतो. समुद्र ओलांडून तो आयर्लंडलाही पोचला. बाईंच्या मते तिथे तो मठांतल्या साधूंबरोबर गेला असावा. जिथे गेला तिथलं पाणी प्यायला, थोडा बदलला, पण ओळखू येतो.

डच लोकांनी मात्र त्याला दारात उभं केलं नाही. त्यांचा स्वतःचा शब्द आहे, तो ते सोडत नाहीत. फिनलंडचंही तसंच. ओजूला म्हटलं, हे डच तुझ्या आजीच्या माहेरचे दिसतात. मिरज सोडायचं म्हटलं की तिचंही असंच होतं. पोरगी खूप हसली.

जेवणखाण व्यवस्थित. सध्या मऊ भात आणि पपई यांच्यावर ऋजुताचा फार भर आहे. पट्ट्याला एक नवीन भोक पाडलं. चालणं वाढलंय ना, त्याचा परिणाम.

नकाशाची पक्की प्रत शाळेत गेली. कच्ची ओजूने तुझ्यासाठी स्वतः पाकिटात घातली आहे. कागद बहुतेक पाठकोरा असेल. मीच तिला शिकवलंय की आपल्या घरात एका बाजूने वापरलेला कागद टाकून देत नाहीत. इस्पितळात जुन्या चार्टांच्या पाठीवर मी औषधांच्या याद्या करायचो आणि तू ओरडायचीस, आठवतं?

स्टेशनवर आपण जे बोललो ते स्टेशनवरच राहू दे.

तुझा ठणठणीत,
पांडुरंग

*

झिरकपूर,
१७ ऑक्टोबर २०२४

प्रिय लता,

नमस्कार परत आला नाही, पण काल सकाळी तुझा फोन आला. मला नव्हे, ऋजुताला. "प्लेटलेट्स कितीपर्यंत खाली गेल्या होत्या?" एवढंच तू आपल्या लेकीला विचारलंस. तिने अठ्ठावन्न हजार सांगितलं. तू "बरं" म्हणून फोन ठेवलास. तुझं ते बरं मला सोफ्यावर ऐकू आलं. वॉर्डात कुणी चूक केली की तू असंच बरं म्हणायचीस आणि मग ते माणूस आठवडाभर नीट वागायचं.

तू कागद उलटून पाहिलास तर. मी पाहिला नाही, ही माझी चूक. युरोपच्या पाठीवर माझाच तापाचा चार्ट होता. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सगळं सांगतो.

डेंग्यू झाला होता. नऊ दिवस ताप. डॉक्टरांनी घरीच ठेवलं, रोज रक्त तपासायला न्यायचे. पहिल्याच दिवशी मी ऋजुताकडून आलेखाचा कागद मागून घेतला, तुझ्या पद्धतीने चार-चार तासांचे खाने आखले आणि लाल पेन्सिलने ठिपके जोडायला लागलो. ती म्हणाली, बाबा, मोबाइलमध्ये नोंदवता येतं. मी म्हटलं, तुझ्या आईच्या वॉर्डात चार्ट असा असतो. आणि त्याच दमात तिला शपथ घातली की आईला सांगायचं नाही. मूर्खपणा कळतोय ना? चार्ट तुझा हवा आणि तुला कळायला नको.

फोनही बिघडला नव्हता. आवाजावरून तू ओळखलं असतंस.

कारण तुला माहीत आहे. स्टेशनवर निघताना तू म्हणालीस, या वयात एकटे जाऊ नका, तिकडे सध्या तापाची साथ आहे. आणि मी पोचवायला आलेल्या शेजाऱ्यांसमोर मोठ्याने म्हणालो, "मला नर्सची गरज नाही." छत्तीस वर्षं जिने वॉर्ड सांभाळला तिला मी हे ऐकवलं. मग तिसऱ्याच आठवड्यात अंथरूण धरल्यावर कोणत्या तोंडाने कळवणार होतो?

सहाव्या दिवशी दुपारी एकशे चार होता. हातात पेन्सिल राहीना. ओजू शाळेत गेली नाही, उशाशी बसून होती. मी सारखा सिस्टर, सिस्टर करत होतो म्हणे. ती बिचारी म्हणाली, "आजोबा, कौन सिस्टर? आपकी तो कोई सिस्टर ही नहीं है." ऋजुताने तिला समजावलं की ते आजीला हाक मारतायत.

लता, मला नर्सची गरज आहे. तुझी गरज आहे. हे मी स्टेशनवर म्हणायला हवं होतं आणि त्यासाठी डेंग्यू व्हायला नको होता.

इथे राहायला ये असं मी म्हणत नाही. ऋजुताला आपण दोघं इथे हवे आहोत, पण तो विषय मी बंद करतो. दिवाळी झाली की मीच मिरजेला येतो. तू तुझ्या जागी राहा, डच लोकांसारखी. शब्दाने प्रवास करायचा असतो, तो मी करीन.

तुझा रुग्ण,
पांडुरंग

*

मिरज,
२३ ऑक्टोबर २०२४

रा. रा. पांडुरंग यांस,
मुक्काम झिरकपूर वॉर्ड,

पत्र मिळालं. नमस्कार ठेवून घेतला आहे.

नकाशा छान आहे असं ओजूला सांगा. आयर्लंड जरा मोठा झालाय, पण असू दे. मी आधी नकाशाच बघत होते. रोमच्या खालून लाल रेघ उमटलेली दिसली, म्हणून कागद फिरवला. पुढचं मला कुणी सांगायची गरज पडली नाही. ती रेघ मी जन्मभर वाचली आहे.

पाच दिवस अक्षर तुमचं आहे. पाचव्या दिवशी तीनाचा आकडा आठासारखा झालाय, तेव्हाच तुम्ही पेन्सिल खाली ठेवायला हवी होती. सहाव्या दिवसापासून अक्षर ओजूचं आहे. पोरीने एकही वेळ चुकवलेली नाही. फक्त त्या दिवशी दुपारी दोनच्या खान्यात ठिपका नाही, एक पाण्याचा डाग आहे. तिथे ती रडली असणार. चौदा वर्षांची मुलगी माझी ड्यूटी करत होती आणि मी इथे तुमच्यावर रुसून कुंड्यांना पाणी घालत होते. याचा राग मला तुमच्यावर आहे त्याहून माझ्यावर जास्त आहे.

तुम्ही इकडे यायचं नाही. अशक्तपणात दोन दिवसांचा प्रवास कोण करू देईल तुम्हाला? मी सोमवारी गोवा एक्स्प्रेसने निघते. दिल्लीला ऋजुता न्यायला येईल. दिवाळीच्या आदल्या दिवशी पोचते. कुंड्या शेजारच्या सुलोचनाताईंकडे दिल्या आहेत. किती दिवसांसाठी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वॉर्ड बघून ठरवते.

डच लोकांचं मला सांगू नका. त्यांच्या घरी कुणी आजारी नव्हतं.

मी पोचेपर्यंत दर चार तासांनी ताप बघा आणि चार्ट भरा. ताप नसला तरी भरा. सहाव्या दिवसाचा दोनचा खाना माझ्याजवळच्या कागदावर रिकामाच ठेवला आहे. तो कागद बरोबर आणते. तिथे मी ओजूसमोर ड्यूटीवरची नर्स म्हणून सही करीन.

तुमची सिस्टर,
लता